टायर नवेच आहेत, नक्षी बघा ना!

भाच्याने फोटो पाठवला. शंभर सीसीची जुनी मोटरसायकल, मीटर जेमतेम अकरा हजारावर, एकच मालक, डॉक्टरांची गाडी, कायम बिल्डिंगखाली उभी. (जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर आणि बँकेतले साहेब यांच्याच एवढ्या गाड्या कशा येतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) फोटोखाली एक ओळ होती: "मामा, टायरचा पण खर्च नाही. कंपनीचेच आहेत, नक्षी बघा, नव्यासारखी!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं उठतं. विकणारा अभिमानाने सांगतो आणि घेणारा समाधानाने मान डोलावतो. आठ वर्षांची गाडी आणि टायर कंपनीचेच, याचा अर्थ टायरही आठ वर्षांचे. नेमकी काळजीची गोष्ट आपण गुण म्हणून विकतो आणि विकत घेतो.

आधी नक्षीचं काम काय ते पाहू. नक्षी ही पन्हळ आहे. ओल्या रस्त्यावरचं पाणी टायरखालून बाजूला काढायचं, एवढ्यासाठी ती असते. कोरड्या डांबरावर पकड धरतं ते रबर. मोटोजीपीच्या शर्यतीत कोरड्या ट्रॅकवर टायरला नक्षीच नसते, पार गोटा टायर असतो, आणि त्याच गोट्यावर ती पोरं गुडघा जमिनीला टेकवून वळतात. (म्हणून आपण घासलेला टायर वापरायचा नाही. त्यांच्याकडे पाऊस पडला की नक्षीचा टायर चढवायला माणसं उभी असतात, आपल्याकडे जूनमध्ये कोणी नसतं.) म्हणजे प्रश्न दोन आहेत: पन्हळ शिल्लक आहे का, आणि रबर अजून रबर आहे का. आपण पहिलाच विचारतो.

रबर म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू कडक करतो आणि ओझोन त्याच्या लांब साखळ्या तोडतो. टायरच्या कडेला ज्या बारीक चिरा दिसतात, त्या याच्याच. कारखान्यात यावर उपाय म्हणून रबरात ओझोनरोधक रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. टायर चालताना दबतो-सुटतो, तसं ते थोडंथोडं पृष्ठभागावर येतं. कधीकधी टायरवर तपकिरी पुट दिसतं ते तेच. आपण ते मळ समजून घासून काढतो आणि वर चकचकीत पॉलिश मारतो, हा आणखी एक विनोद.

गाडी उभी राहिली तर टायर दबत नाही, मेण वर येत नाही आणि हवा मात्र आपलं काम करत राहते. त्यात हवा कमी असेल तर टायर एकाच जागी दबून राहतो. त्यामुळे "कमी चाललीय" हे इंजिनाचं प्रमाणपत्र असेलही, टायरचं नाही.

"टायरला कुठे एक्सपायरी असते?" असा सवाल यावर हमखास येतो. छापील नसते, पण जन्मतारीख असते. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोधा. 3117 म्हणजे 2017 सालचा एकतिसावा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर दुसरीकडे बघा, बऱ्याचदा ते एकाच बाजूला असतात. शेवटी तीनच आकडे सापडले तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे. त्यावर बसू नका, कुंडी करा. मिशेलिनचा सल्ला असा, की वापरात पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करा आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असो, बदला. ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. आपल्या उन्हात पार्क होणाऱ्या गाडीला मी इतकी सवलत देत नाही.

आपला कायदा वयाबद्दल काही विचारत नाही, तो खोली विचारतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 94 प्रमाणे दुचाकी-तिचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर हवी, इतर वाहनांची 1.6. ब्रिटनमध्येही वयाची अट नव्हती. सप्टेंबर 2012 मध्ये सरे परगण्यात एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. चौकशीत कळलं, टायर एकोणीस वर्षांचा होता, खुद्द बसपेक्षाही म्हातारा. पुढे बरीच वर्षं मोहीम चालली आणि फेब्रुवारी 2021 पासून तिथे ट्रक-बसच्या पुढच्या आसाला दहा वर्षांवरचे टायर लावायला बंदी आली.

मोटरसायकलच्या बाबतीत एक गंमत आहे. मागचा टायर इंजिनाची ओढ सोसतो, म्हणून लवकर झिजतो आणि बदलला जातो. पुढचा सावकाश झिजतो. त्यामुळे गाडीवरचा सगळ्यात सुंदर दिसणारा टायर हाच बहुधा सगळ्यात म्हातारा असतो. "पुढचा काय, नुसता फिरतो" असं म्हणणाऱ्यांनी जरा आठवावं: ब्रेक दाबला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. पावसाच्या पहिल्या सरीत, धूळ-तेलाचा लगदा झालेल्या रस्त्यावर थांबवायचं काम त्या "नुसत्या फिरणाऱ्या"कडेच येतं.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. रुंद टायरने पकड वाढते: कंपनीने दिलेल्या रिमवर जास्त रुंद टायर चढवला की तो कडांना आवळला जातो, आकार बिघडतो, गाडी वळायला जड होते आणि अॅव्हरेज पडतं. 80/100-18 47P असं लिहिलं असेल तर तसाच घ्या; 80 मिलिमीटर रुंदी, उंचीही तितकीच, 18 इंची रिम, 175 किलो भार, ताशी 150 किलोमीटर वेग, इतका हिशेब त्यात आधीच केलेला आहे. बटण टायर शेतावर जायला ठीक. डांबरावर त्याचं रबर कमी टेकतं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी: उलट आहे, कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, चेनकव्हरजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. नायट्रोजन हवाच: साध्या हवेत तो 78 टक्के आहेच, फुकट. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं: काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, किलोमीटर बघून बदला. फक्त कारचं उरलेलं ऑइल ओतू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 शोधा, नाहीतर क्लच घसरायला लागेल. आणि टायर पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे लिहिता येत नाही.

तर भाच्याला म्हटलं, आकड्यांचा फोटो पाठव. तासाभराने आला. मागचा 0923, पुढचा 3117.

"पण मामा, पुढचाच जास्त छान दिसतोय!"

टायरचे पैसे किमतीतून कापून घे म्हटलं. विकणारा नाराज झाला, पण कापले त्याने. दुकानात नवा टायर समोर आला तेव्हा भाचा तो उलटसुलट करून आकडे शोधत बसला. दुकानदार वैतागून म्हणाला, "नवाच आहे हो साहेब, केस बघा ना, केससुद्धा गेले नाहीत रबराचे!"