पोटरीतलं लोखंड

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी फौजेतून रिटायर झालेलं असेल, तर घरात एक लोखंडी पेटी असणारच. काळी नाहीतर हिरवी. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आमचे बाबा १९९४ साली हवालदार म्हणून रिटायर होऊन चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी परतले, तेव्हा तशीच एक पेटी घरी आली आणि पलंगाखाली गेली. किल्ली बाबांच्या करदोट्याला. आत काय आहे हे आईला आणि मला पुढची पंचवीस वर्षं माहीत नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मिल्ट्रीचे कागद हाय, तुमच्या काय कामाचे?"

२०१८च्या दिवाळीनंतर बाबांचं चालणं बिघडलं. घरापासून पाराशी जाईपर्यंत पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या, मध्येच बसावं लागायचं. बसले की पाच मिनिटांत बरं. गंमत म्हणजे सायकल हातात धरून, जरा पुढे वाकून ढकलत निघाले की लांबवर चालत जायचे. गावात सगळे म्हणायचे, हवालदार सायकलवर बसत काहून नाही? पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, की कमरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली की असंच होतं. पुढे वाकलं की ती वाट थोडी मोकळी होते, माणसाला बरं वाटतं. पण तेव्हा आम्हाला हे कुठं ठाऊक! बाबा म्हणायचे, "म्हातारपण हाय, त्याले काय फोटो काढाचे?"

मी चिखलीला राहते, शिवणकाम करते. भाऊ पुण्याला नोकरीत. म्हणजे आईबाबांचं दुखणंखुपणं माझ्याकडे. एका खासगी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मणक्याचा एमआरआय करायला सांगितला, अकोल्याला जा म्हणाले. सात-आठ हजार लागतील असा अंदाज दिला. लग्नसराईच्या ब्लाउजांचे पैसे मी डब्यात बाजूला ठेवले होते, तेच घेऊन जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गावचे एक रिटायर सुभेदार काका बाबांना बघायला आले. चहा पिता पिता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हवालदार साहेब, कार्ड कुठं आहे?"

कार्ड पेटीत होतं! किल्ली करदोट्यावरून निघाली, पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला आणि डिस्चार्ज बुकाच्या खाली ते सापडलं. बाबांनी ते कधीतरी काढून ठेवलं होतं. बुलढाण्याहून बीपीच्या गोळ्या आणायला एक-दोनदा वापरलं, मग फाटे फोडायला नको म्हणून मेडिकलमधूनच गोळ्या घ्यायला लागले.

माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. सगळे तिला ईसीएचएस म्हणतात. पेन्शन घेणारा माजी सैनिक, त्याची बायको, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील, शिवाय सैनिकाच्या मागे फॅमिली पेन्शन घेणारी विधवा, हे सगळे त्यात येतात. एकदाच वर्गणी भरायची, तीही हुद्द्याप्रमाणे. १ जानेवारी १९९६च्या आधी रिटायर झालेल्यांना आणि वीरपत्नींना तर तीही माफ. म्हणजे आमच्या बाबांना एक रुपया न भरता हे सगळं मिळत होतं, आणि मी ब्लाउजांचे पैसे मोजत बसले होते.

पण या योजनेत सगळं पायरीपायरीने होतं. आधी पॉलिक्लिनिक. देशभरात अशी चारशेहून जास्त आहेत, आपल्या जिल्ह्याचं बुलढाण्याला. तिथले डॉक्टर तपासतात, गरज वाटली तर रेफरल देतात, म्हणजे पुढे पाठवल्याचा कागद. तो घेऊन योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात जायचं, तिथं कार्डावर काम होतं, पैसे भरावे लागत नाहीत. काका म्हणाले, "ताई, आधी स्कॅन करून आलात आणि मग रेफरल मागितला, तर ते पैसे गेले समजा." जिवावरच्या प्रसंगाला मात्र अपवाद आहे. हार्ट अटॅक, अपघात अशा वेळी जवळ असेल त्या दवाखान्यात भरती करायचं. दवाखाना यादीतला नसेल तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिलं जपून ठेवायची. पैसे नंतर सरकारी दराने मिळतात, दवाखान्याच्या दराने नाही, हेही लक्षात ठेवा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही तिघं एसटीने बुलढाण्याला गेलो. पॉलिक्लिनिकमध्ये मिशीवाल्या म्हाताऱ्यांची रांग. सगळे ताठ बसलेले, जणू परेडच! डॉक्टरांनी बाबांना नीट तपासलं आणि विचारलं, पूर्वी काही मोठी जखम, ऑपरेशन? बाबा म्हणाले, "नो सर." त्या 'नो सर'ने आम्हाला किती फिरवलं ते पुढे सांगते.

रेफरल मिळाला औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. आम्हाला देऊळगाव राजा, जालना करत जावं लागतं. तारीख माझ्या लक्षात राहिली, कारण तो पुलवामाच्या दुसऱ्या दिवशीचा, १५ फेब्रुवारी २०१९चा शुक्रवार होता. दवाखान्यातल्या टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. नावं पडद्यावर आली तसे बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. पाय थरथरत होते, पण बातमी संपेपर्यंत बसले नाहीत. शेजारची एक बाई मला हळूच म्हणाली, यांच्या घरच्यांनाही हेच कार्ड मिळत असेल ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण ते दोघे सीआरपीएफचे. ते दल गृह मंत्रालयाखाली येतं आणि आपलं कार्ड संरक्षण मंत्रालयाचं. सीआरपीएफमधून रिटायर झालेल्यांसाठी केंद्र सरकारची सीजीएचएस ही वेगळी योजना आहे. घरातली पेटी सारखीच दिसली तरी कार्ड वेगळं. ज्यांच्या घरी कुणी निमलष्करी दलात आहे त्यांनी हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

मणक्याच्या डॉक्टरांनी बाबांना चालवून पाहिलं, सायकलची गोष्ट ऐकून हसले आणि एमआरआय लिहून दिला. मी लगेच काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने कागद उलटापालटा करून पाहिला. "यावर फक्त कन्सल्टेशन लिहिलंय मॅडम. एमआरआयसाठी वेगळा रेफरल आणा." दीडशे किलोमीटर परत! त्या दिवशी मला रडूच यायचं बाकी होतं. आता मात्र मी रेफरल हातात पडला की तिथंच उभं राहून वाचते. कोणत्या दवाखान्यासाठी आहे, कशासाठी आहे, नुसत्या तपासणीसाठी की चाचण्यांसाठीही, आणि त्याची मुदत कधी संपते. समजलं नाही तर पुन्हा विचारते. मागचे लोक कुरकुर करतात, करू देत.

पुढच्या आठवड्यात नवा रेफरल घेऊन पुन्हा गेलो. एमआरआयच्या खोलीबाहेर एक फॉर्म भरून घेतात. छातीत पेसमेकर आहे का, हाडात रॉड-स्क्रू आहे का, असे प्रश्न. बाबांनी सगळीकडे 'नाही' सांगितलं. खोटं काहीच नव्हतं, त्यांना ना पेसमेकर, ना रॉड. त्यांनी दवाखान्याचा झगा घातला. मी त्यांना आतपर्यंत सोडायला निघाले, तर टेक्निशियन म्हणाला, ताई, मंगळसूत्र, पिना, चाव्या सगळं काढून ठेवा, आत मोठं चुंबक आहे, ते कधी बंद नसतं, लोखंड खेचून घेतं.

बाकावर बसलेली आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती एकदम उठली. "दादा, लोखंड नाही चालत म्हणता, अन् यायच्या पोटरीत तर लोखंडच हाय. लढाईतलं."

बाबा ओरडले, "तू गप राय वं!"

"काहून गप राहू? दर दिवाळीले उटणं कोन लावते? मीच ना? हाताले लागते ते."

टेक्निशियनने बाबांना तिथंच थांबवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा १९७०ला भरती झाले, १९७१च्या डिसेंबरात जम्मूच्या बाजूला होते. वय एकोणीस. जवळच गोळा फुटला, डाव्या पायात तुकडे घुसले. काही काढले, काही खोल मांसात होते ते तसेच ठेवले. असे तुकडे काढायला गेलं तर कधीकधी जास्त इजा होते, म्हणून डॉक्टर ते राहू देतात. पुढे बाबा पुन्हा पलटणीत गेले आणि विषय संपला. त्यांच्या लेखी ती जखमच नव्हती. "ज्यायचे पाय गेले त्यायले जखम म्हणा," असं ते अजूनही म्हणतात.

एक्स-रे काढला तर पोटरीत बोटाच्या पेराएवढ्या जागेत तीन पांढरे ठिपके. मी बराच वेळ ती फिल्म उजेडासमोर धरून उभी होते. लहानपणी मी याच पायावर बसून झोके घ्यायचे.

रेडिओलॉजिस्ट बाईंनी नीट समजावलं. तुकडा असला म्हणजे एमआरआय कधीच होत नाही असं नाही. तो कसल्या धातूचा आहे, कुठे आहे, जवळ काय आहे हे बघून ठरवतात. डोळ्यात कण असेल तर फारच धोक्याचं. पायातला तुकडाही हलू शकतो, तापू शकतो. आणि मणक्यासाठी इथं सिटी स्कॅनवर काम भागण्यासारखं आहे, तर जोखीम कशाला? सिटी स्कॅन क्ष-किरणांवर चालतो, त्यात चुंबक नसतं. मणक्याच्या डॉक्टरांनाही ते पटलं.

फक्त आमच्या कागदावर एमआरआय लिहिलेलं होतं! पुन्हा बुलढाणा. या वेळी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांपुढे मी डिस्चार्ज बुक उघडून ठेवलं. त्यात जखमेची नोंद होती, इंग्रजीत, एका ओळीत. पहिल्या दिवशी ते बुक बरोबर नेलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. डॉक्टर काही बोलले नाहीत, बाबांकडे बघून नुसते हसले. बाबा भिंतीकडे बघत होते.

सिटी स्कॅन झाला, वाट अरुंद झालेली दिसली. आधी व्यायाम आणि गोळ्या, मग काही महिन्यांनी ऑपरेशन झालं. तेही कार्डावरच. तोवर डॉक्टरांनी एक गोष्ट आम्हाला बजावून ठेवली होती. पाय अचानक लुळे पडले, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर रेफरलची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तसं झालं नाही, देवाची कृपा. आता बाबा पारापर्यंत चालत जातात. सायकल मात्र अजून हातात असतेच, सवय!

आता आईचं. या सगळ्या फेऱ्यांत लक्षात आलं, की आईचं कार्डच नाही. बाबा म्हणायचे, माझं आहे ना, तेच चालते. चालत नाही मैत्रिणींनो! बायकोचं कार्ड वेगळं असतं. सैनिक गेल्यावर विधवेला स्वतःच्या नावाने सगळं नव्याने करावं लागतं, आणि त्या वेळी कागद शोधायची ताकद कुणात असते? म्हणून बाबा हातीपायी धड आहेत तोवरच अर्ज करू म्हटलं. तर नाव जुळेना.

बाबा १९७४ला सुट्टीवर आले आणि लग्न झालं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तांदळात अंगठीने आईचं नवं नाव लिहिलं. सुट्टी संपून बाबा पलटणीत गेले. क्लार्कने विचारलं, बायकोचं नाव? बाबांना नवं नाव आठवेना. लग्नपत्रिका खिशात होती, त्यातलं सांगून टाकलं. म्हणजे मिल्ट्रीच्या कागदावर आईचं माहेरचं नाव, आणि आधार, रेशनकार्ड, बँकेत सगळीकडे सासरचं. फौजेच्या हिशेबाने आई म्हणजे दोन वेगळ्या बायका!

हे दुरुस्त होतं, पण वेळ लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तिथून कागदांची यादी घेतली. प्रतिज्ञापत्र केलं, पेपरात जाहिरात दिली, आधारची प्रत जोडली आणि अर्ज बाबांच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. आम्हाला उत्तर यायला आठ महिने लागले. तुमच्या घरी डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ असेल, तर आजच काढून तुमचं नाव आणि जन्मतारीख त्यात कशी लिहिली आहे ते बघा. एका अक्षराचा फरक असला तरी अडतं.

नाव दुरुस्त झालं, कार्ड आलं. ते आणायला आई आणि मी दोघीच गेलो होतो. येताना एसटीत आईने कार्ड बटव्यात ठेवलं, पुन्हा काढून पाहिलं, पुन्हा ठेवलं. मी म्हटलं, झालं ना आता मनासारखं? तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झालं तं. पन माहेरचं नाव तेवढ्या एका कागदावर राह्यलं होतं. तेबी गेलं."