फ्रेंचमधलं 'झालं असावं'

बारावीला मार्क मिळतात म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फ्रेंच घेतलं. पण पुढे डेल्फची परीक्षा द्यायची म्हटली, की 'सुब्झाँक्तिफ पासे' आडवं येतं. घाबरू नका, ते दोनच तुकड्यांचं आहे.

पहिला तुकडा म्हणजे सहायक क्रियापद, 'आव्ह्वार' किंवा 'एत्र', सब्जंक्टिव्ह वर्तमानकाळात. एकवचनात स्पेलिंग बदललं तरी उच्चार 'ए' आणि 'स्वा' हेच राहतात. दुसरा तुकडा म्हणजे मूळ क्रियापदाचं पास्ट पार्टिसिपल. 'संपवणं' आव्ह्वार घेतं: 'किल ए फिनी'. 'येणं' एत्र घेतं: 'किल स्वा व्हनू'.

आता वापर. मराठीत 'तो आला' ही बातमी, 'तो आला असावा' हा अंदाज. शंका असली की फ्रेंचही क्रियापद बदलतं: 'झ दूत किल स्वा व्हनू', म्हणजे तो आला असेल याची मला शंका आहे.

पण मराठीची मदत इथेच संपते. 'तो नाशिकला आला याचा मला आनंद आहे', यात शंका कुठली? तो तर समोर बसलाय! तरी फ्रेंच म्हणतं, 'झ स्वी कोंताँ किल स्वा व्हनू आ नाशिक'. कारण इथे बातमी द्यायची नसते, तिच्याबद्दल मनात काय आहे ते सांगायचं असतं. आनंद, भीती, खेद, सगळ्यांना हाच नियम. 'एस्पेरे', म्हणजे आशा करणं, याला मात्र साधा इंडिकेटिव्ह चालतो.

आणि 'पासे' म्हणजे कालचंच असं नाही. 'मेस बंद व्हायच्या आत तू जेवलेला असायला हवंस' यातलं जेवण अजून व्हायचंय, तरी 'इल फो क त्यू ए माँझे'. थोडक्यात, सबमिशनची फाइल उद्या सकाळी 'पूर्ण झालेली असली पाहिजे' असं सर म्हणतात, तेव्हा ते सुब्झाँक्तिफ पासेच बोलत असतात!