विश्लेषण : छातीसाठी मशीन बरे की रॉड-डंबेल? पाळीत काम करणाऱ्यांनी काय निवडावे?

तिसरी पाळी संपली की कंपनीच्या बसमधून उतरायचे आणि घरी जाऊन झोपण्याआधी तासभर जिम गाठायची, हा चाकण, भोसरी, निगडी पट्ट्यातील अनेक तरुण कामगारांचा दिनक्रम. समोर एकीकडे चेस्ट प्रेसचे मशीन असते, दुसरीकडे बेंच आणि रॉड. ‘मशीनवर खरी ताकद येत नाही,’ असे जिममधले जुने गडी सांगतात. ‘रॉडने खांदा जातो,’ असे दुसरे कुणी बजावतो. दोन्ही म्हणणी अर्धीच खरी आहेत. पाळ्या बदलत असतील आणि झोप पुरी होत नसेल, तर निवड चुकल्याचा फटका अंगावर बसू शकतो.

दोन्हींत नेमका फरक काय?

कारखान्यात काम करणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. ड्रिलिंगसाठी जिग लावले की भोक ठरल्या जागीच पडते, हात थोडा हलला तरी बिघडत नाही. चेस्ट प्रेस मशीन हे असेच जिग आहे. हँडलचा मार्ग आधीच ठरलेला असतो, माणसाने फक्त ढकलायचे. रॉड मात्र ढकलावा लागतोच, शिवाय तो पुढे-मागे किंवा एका बाजूला कलू नये म्हणून सावरावाही लागतो. डंबेलमध्ये तर दोन्ही हात स्वतंत्र, त्यामुळे सावरण्याचे काम आणखी वाढते. खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू या सावरण्यात गुंतलेले असतात.

नॉर्वेतील संशोधकांनी २०११ मध्ये व्यायामाची सवय असलेल्या १२ पुरुषांवर हे तपासले. रॉडवर एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता आले, त्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी वजन डंबेलने उचलले गेले. छातीच्या स्नायूंनी केलेले काम मात्र जवळपास सारखेच होते. म्हणजे डंबेलवरचा आकडा लहान दिसला म्हणून छातीचा व्यायाम कमी झाला असे नाही.

मग ताकद कशाने जास्त वाढते?

आधीच्या १३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने याचे बरेच स्पष्ट उत्तर दिले. स्नायूंचा आकार वाढण्यात मशीन आणि मोकळी वजने यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ताकदीच्या बाबतीत मात्र ज्याने ज्यावर सराव केला, त्यावरच तो अधिक सुधारला. रॉडवाले रॉडच्या चाचणीत पुढे, मशीनवाले मशीनच्या. त्यामुळे ‘मशीनने काही होत नाही’ हा जिममधला जुना समज टिकत नाही. शर्टात छाती भरलेली दिसावी एवढाच हेतू असेल तर दोन्ही चालतील.

प्रश्न येतो तो ताकद कशासाठी हवी याचा. पार्टने भरलेला क्रेट किंवा तिसऱ्या मजल्यावर न्यायचा गॅस सिलिंडर ठरलेल्या रुळावरून चालत नाही. तो कलतो, घसरतो, एका हातावर जास्त येतो. अशा कामासाठी अंग तयार करायचे तर सरावात कधी तरी मोकळे वजन असायला हवे. अर्थात, क्रेट उचलताना कस लागतो तो पाठीचा, मांड्यांचा आणि पकडीचा. छातीचा वाटा त्यात थोडाच. तरीही सोमवारी बेंचसमोर रांग लागते आणि पाठीच्या व्यायामाची जागा रिकामी असते, हे चित्र कोणत्याही जिममध्ये दिसेल.

मशीनवरचे ‘५०’ म्हणजे खरेच ५० किलो?

बहुतेकदा नाही. प्लेट आणि हँडल यांच्यामध्ये केबल, पुली, तरफ असते. एक फिरती पुली मध्ये आली तरी हाताला लागणारा जोर जवळपास निम्मा होतो. तरफेची लांबी बदलली की हिशेब पुन्हा बदलतो, वर घर्षण वेगळेच. म्हणून एका जिममधल्या मशीनवर ५० लावणाऱ्याने दुसऱ्या जिममध्ये ५० नेच सुरुवात करू नये. मशीनच्या आकड्याची तुलना त्याच मशीनवरच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशीच करावी. रॉडचा हिशेब सरळ आहे, पण तिथेही एक चूक नेहमी होते. रॉडचे स्वतःचे वजन धरलेच जात नाही. पुरुषांच्या स्पर्धेतला रॉड २० किलोचा असतो, दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेट लावल्या की ४० किलो होतात. जिममधले रॉड याहून हलकेही असतात, तेव्हा एकदा काट्यावर ठेवून पाहिलेले बरे.

महापालिकेच्या उद्यानांतील ओपन जिममधली चेस्ट प्रेसची गोष्ट आणखी वेगळी. त्यात प्लेट नसतात, हँडल ढकलले की बसलेल्या माणसासह आसन वर जाते. म्हणजे वजन स्वतःचेच, आणि ते कमी-जास्त करण्याची सोय नाही. सुरुवातीला ठीक, पण एका दमात २५-३० वेळा सहज होऊ लागले की ताकद वाढणे मंदावते, दम तेवढा वाढतो. त्यापेक्षा तालमीतला जोर उजवा. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो. पाय बाकावर ठेवले की भार वाढतो, हात बाकावर ठेवले की कमी होतो. पहिलवानांच्या भोसरीत हे कुणाला सांगावे लागू नये.

रात्रपाळीनंतर रॉड उचलावा का?

एकट्याने तर नाहीच. अमेरिकेत १९९० ते २००७ या काळात वजनांच्या व्यायामातील दुखापतींमुळे रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात आलेल्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा सुमारे ९० टक्के दुखापती मोकळ्या वजनांच्या निघाल्या. सर्वाधिक वेळा कारण होते वजन अंगावर पडणे. किती जण मशीन वापरत होते आणि किती जण रॉड, हे त्या आकड्यात नाही, म्हणून रॉड नऊपट धोकादायक असा अर्थ काढू नये. पण धोक्याची जात त्यातून कळते. बेंचवर आडवे पडून शेवटचा रेप अडकला आणि सपोर्ट द्यायला कुणी नसेल, तर रॉड छातीवर किंवा गळ्यावर येतो. अशा अपघातात जीवही जाऊ शकतो. रात्रभर जागलेल्या माणसाचा अंदाज आणि प्रतिक्रिया दोन्ही मंदावतात, हे लाइनवर काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मशीनवर हात सोडले तर प्लेट खाली आदळतात, माणूस सुरक्षित राहतो. म्हणून पाळी सुटल्यावर एकटे असताना मशीन, आणि झोप पूर्ण झालेल्या सुट्टीच्या दिवशी सोबत कुणी असताना रॉड, अशी वाटणी सोयीची. सोबत कुणी नसेल तर छातीच्या पातळीला आडव्या सुरक्षा-दांड्या असलेल्या रॅकमध्येच बेंच लावावा. डंबेल हलके असतील तर तेही चालतील, अडचण आली तर बाजूला सोडता येतात.

मशीनही निर्धोक नाही. आसन फार खाली असेल तर हँडल खांद्याच्या पातळीला येते आणि ताण सांध्यावर जातो. हँडल छातीच्या मध्याशी यावे, पाठ टेकलेली असावी. दिवसभर डोक्यावर हात करून स्क्रू आवळण्याचे काम असेल आणि खांदा आधीच दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब असलेल्यांनी ढकलताना श्वास रोखू नये.

सुरुवात कशी करावी?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये नवख्यांना मशीन आणि मोकळी वजने दोन्ही सुचवली होती, तर अनुभवींनी मोकळ्या वजनांवर भर द्यावा असे म्हटले होते. नवख्यांसाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस, ८ ते १२ रेप जमतील एवढे वजन. ठरल्यापेक्षा एक-दोन रेप जास्त होऊ लागले की वजन २ ते १० टक्के वाढवायचे.

ही वाढ जिमच्या साहित्यात बसते का, हे फी भरण्याआधी पाहावे. मशीनच्या प्लेट पाच-पाच किलोच्या असतील तर २० वरून थेट २५ वर जावे लागते, ती वाढ २५ टक्क्यांची झाली. नुकती सुरुवात करणाऱ्या अनेक महिलांना २० किलोचा रिकामा रॉडही जड जातो. त्यांच्यासाठी दोन-अडीच किलोपासूनचे डंबेल जिममध्ये आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.