ट्रॉम्बेत गाळ्यांची इमारत: प्रॉपर्टी कार्डापासून ओसीपर्यंत

मुंबईत नवी इमारत बांधण्याची परवानगी एका कागदावर मिळत नाही. आधी आयओडी (अटींची नोटीस), मग सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), शेवटी ओसी (भोगवटा दाखला) असे तीन मोठे टप्पे आहेत आणि प्रत्येकाच्या मागेपुढे निरनिराळ्या खात्यांच्या ना-हरकती असतात. हे साऱ्या शहराला लागू आहे. पण ट्रॉम्बेत यातला निम्मा निकाल अर्ज करण्याआधी जमिनीनेच लावलेला असतो. म्हणून आर्किटेक्टने कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी जमीन नीट तपासून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

या परिसराची रचनाच वेगळी आहे. डोंगराच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. माहुलच्या बाजूला १९५४ आणि १९५५ साली सुरू झालेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने, टाटांचं वीजकेंद्र आणि खतांचा कारखाना. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिवरं. या सगळ्यांच्या मधे कोळीवाडा, गावठाण, चीता कॅम्प आणि शीव-ट्रॉम्बे रस्त्यालगतचा बाजार दाटीवाटीने बसला आहे. इथे कुणाकडे चार-पाचशे चौरस मीटरचा प्लॉट असेल आणि खाली दुकानं, वर दवाखाना, क्लास, कार्यालयं अशी तीन-चार मजली इमारत त्याच्या मनात असेल, तर त्याने सुरुवात कुठून करायची?

पहिला प्रश्न असा की, परवानगी देणारं प्राधिकरण कोणतं. चीता कॅम्प ही १९७६ साली अणुकेंद्रालगतची जनता कॉलनी उठवून वसवलेली वस्ती. अशा वस्तीत पुनर्विकास योजना असेल तर प्रस्ताव झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे जातो. म्हाडाच्या अभिन्यासातल्या भूखंडाला म्हाडा परवानगी देते. बाकीच्या खासगी जमिनीसाठी बृहन्मुंबई महानगरपालिका. त्यातही पालिकेच्या एम पूर्व विभागाच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालून उपयोग नाही. तिथला इमारत व कारखाने विभाग दुरुस्त्या आणि अनधिकृत बांधकामं पाहतो. नव्या इमारतीचे नकाशे पूर्व उपनगरांच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे जातात आणि त्याचं कार्यालय विक्रोळी पश्चिमेला आहे. आता नकाशे ऑनलाइनच दाखल होतात, पण फाइल कोणत्या टेबलावर आहे हे ठाऊक असलेलं बरं.

मग कागदपत्रं. नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड आणि सीटीएस (नगर भूमापन) नकाशा काढा, वकिलाकडून ३० वर्षांचा टायटल सर्च करून घ्या आणि प्लॉटची प्रत्यक्ष मोजणी करा. कार्डावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नाही, ही उपनगरातली नेहमीची गोष्ट. हिशेबात कमी असलेला आकडा धरला जातो. एखाद्या वारसाचं नाव कार्डावर चढायचं राहिलं असेल तर ते आत्ताच चढवा; सीसीच्या वेळी हा वाद उपटला तर बांधकाम अडकतं.

त्यानंतर विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे डीपी रिमार्क, मागवा. मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ ही २०१८ पासून लागू आहे आणि हा कागद त्या आराखड्यातली तुमच्या सीटीएस क्रमांकाची स्थिती सांगतो. झोन निवासी आहे, वाणिज्य आहे की औद्योगिक. प्लॉटवर आरक्षण आहे का. रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जाते का. निवासी झोनमध्येही दुकानं-कार्यालयांना अटींवर मुभा असते. औद्योगिक झोनमध्ये मात्र आधी वापरबदल करून घ्यावा लागतो. रस्तारुंदीत जाणारी पट्टी पालिकेच्या ताब्यात द्यावी लागते आणि तिच्या मोबदल्यात एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळतो.

एफएसआयचं गणित रस्त्याच्या रुंदीवर चालतं. उपनगरात मूळ एफएसआय १. प्रीमियम भरून आणि टीडीआर विकत घेऊन तो वाढवता येतो. रस्ता जितका रुंद तितकी वाढ जास्त. निव्वळ वाणिज्य इमारतीसाठी नियम ३३(१९) खाली, रस्ता पुरेसा रुंद असेल तर, ५ पर्यंतही जाता येतं. पण गावठाणातल्या बोळाला लागून असलेल्या प्लॉटला यातलं फारसं काही मिळत नाही. शिवाय एम वॉर्डात भाभा केंद्रासाठी दाखवलेल्या क्षेत्राला नियमावलीतच मूळ एफएसआय ०.७५ दिलेला आहे. दलालाने सांगितलेल्या ‘पोटेन्शियल’वर व्यवहार ठरवू नका. डीपी रिमार्क आणि रस्त्याची मोजलेली रुंदी समोर ठेवून आर्किटेक्टकडून लेखी हिशेब घ्या.

आता खास ट्रॉम्बेच्या अडचणी. खाडीकडच्या प्लॉटला सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) लागू आहे का, हे मान्य किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहावं लागतं. लागू असेल तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं. तिवरांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुढे २०१८ च्या निकालात कडक बंदी घातली: तिवरं आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा यात बांधकाम नाही, जमीन कुणाचीही असो. ही बंदी मला मनापासून योग्य वाटते. भरतीचं पाणी आधी झेलते ती खाडीकाठची तिवरंच, आणि ती तोडून उभारलेल्या गाळ्यांत पुढे पाणी शिरलं तर नुकसान दुकानदाराचंच.

दुसरी अडचण जमिनीखालची. कारखान्यांच्या तेलवाहिन्या या भागातून जातात. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांच्या कायद्याखाली वापराचा हक्क घेतलेल्या पट्ट्यावर इमारत बांधता येत नाही, मग जमीन तुमच्या नावावर का असेना. तिसरी अडचण डोक्यावरची, म्हणजे टाटांच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा. २२० केव्हीच्या तारेपासून इमारत आडव्या अंतराने किमान ३.८ मीटर आणि उभ्या अंतराने ५.५ मीटर दूर हवी, आणि हे अंतर तारेचा झोल व झोका धरून मोजायचं असतं. विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवर येणाऱ्या मर्यादेचा रंगीत नकाशाही पाहावा लागतोच. प्लॉट अणुकेंद्राच्या किंवा रिफायनरीच्या कुंपणाजवळ असेल तर सुरक्षेचा मुद्दा पहिल्याच भेटीत आर्किटेक्टपुढे ठेवा.

इतकं झालं की नकाशे. ते दाखल करतो तो नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे एलएस. त्याच्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि साइट सुपरवायझर नेमावे लागतात आणि त्यांची स्वीकृतिपत्रं फाइलला लागतात. नकाशावरचे रंग ठरलेले आहेत: प्लॉटची हद्द जाड काळी, पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांनी, नवं बांधकाम लाल, सांडपाण्याच्या वाहिन्या लाल तुटक रेघांनी. मालकाने या चार खुणा ओळखायला शिकावं. आपल्या इमारतीत काय मंजूर झालंय हे मग दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३३७ खाली बांधकामाची नोटीस जाते आणि छाननीनंतर कलम ३४६ खाली आयओडी येते. ती हातात पडली की पुष्कळांना काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण आयओडी ही पुऱ्या न झालेल्या गोष्टींची यादी असते. तिच्यातली एक नेहमीची अट पाहा: सखल प्लॉट टाउन हॉल डेटमनुसार किमान ९२ फूट पातळीपर्यंत, किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच उंच, यांपैकी जे जास्त असेल तितका भरलेला नाही. ही पातळी फोर्टातल्या जुन्या टाउन हॉलवरच्या खुणेवरून मोजतात. प्लॉट मुरूम घालून भरला, दाबला, रस्त्याकडे उतार दिला, की ती अट सुटली. अशा अटींचे गट असतात: काही सीसीआधी, काही पुढच्या सीसीआधी, काही ओसीआधी पुऱ्या करायच्या. मलनिःसारण, पर्जन्यजल, पाणीखातं, वृक्ष प्राधिकरण, पार्किंग, डेब्रिज, डासप्रतिबंध, मालमत्ता कराची थकबाकी हे सारं यातच येतं. शिवाय छाननी शुल्क, विकास शुल्क (वाणिज्य वापराला ते निवासीपेक्षा जास्त), प्रीमियम आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर पर्यावरण मंजुरीही लागते. लहान इमारतीला तो प्रश्न नाही.

अग्निशमन दलाची ना-हरकत मात्र इमारत लहान असली तरी मनावर घ्या. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसं गेली. जिना किती रुंद, दुसरा जिना कुठे, गच्ची मोकळी आहे का, या प्रश्नांची उत्तरं नकाशातच द्यायची असतात. नंतर भिंत फोडून जिना काढता येत नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली वापर सुरू झाल्यावरही दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आयओडीच्या अटी सुटल्या की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा १९६६ खाली सीसी मिळते, तीही आधी जोत्यापुरती. जोतं झालं की एलएस कळवतो आणि पालिकेचे इंजिनीअर येऊन कॉलमची जागा आणि चारी बाजूंची मोकळी जागा मोजतात. नकाशात ३ मीटर आणि जागेवर २ मीटर ८० सेंटिमीटर भरले, तर पुढची सीसी थांबते. म्हणून लाइनआउटच्या, म्हणजे जागेवर आखणीच्या, दिवशी एलएस साइटवर हजर हवाच. एमआरटीपी कायद्यातच ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे, पण बांधकाम आराखडा आणि नियमावलीत चोख बसत असेल तरच. तिच्या भरवशावर खोदकाम सुरू करणं धोक्याचं.

शेवटी १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३५३अ खाली पूर्णत्वाचा दाखला आणि ओसी. ओसीशिवाय इमारत वापरणं बेकायदा आहे. पाणीपट्टीचा वाढीव दर, उपाहारगृहाच्या परवान्यात आडकाठी, बँकेच्या कर्जाला नकार, हे सगळं गाळा घेणाऱ्याला भोगावं लागतं. बिल्डर तोवर पुढच्या साइटवर गेलेला असतो.

तेव्हा ट्रॉम्बेत गाळा विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. प्लॉट ५०० चौरस मीटरहून मोठा आणि युनिटही आठाहून जास्त असतील तर महारेराची (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी पाहा; वाणिज्य इमारतींनाही ती लागू आहे. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ओसीची प्रत व तिच्यासोबतचा मंजूर नकाशा मागून घ्या. आपला गाळा त्या नकाशात त्याच मजल्यावर, त्याच मापाचा आणि दुकान म्हणूनच दाखवलाय का, हे टेप लावून स्वतः तपासा.