टर्बो ऑईल का टाकतो?

‘टर्बो ऑईल टाकतोय’ हे वाक्य मालट्रकच्या जगात रोज कुठे ना कुठे बोलले जाते आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : ‘सील गेलं, टर्बो बदला.’ पहिले वाक्य निरीक्षण आहे. दुसरे अनुमान आहे आणि ते अनेकदा चुकते. ज्याची एकच गाडी आहे आणि जो स्वतःच ती चालवतो, त्याच्यासाठी या चुकीची किंमत बँकेच्या एखाद्या हप्त्याएवढी असू शकते. म्हणूनच पुष्कळ चालक-मालक हे काम घरच्या अंगणात करू लागले आहेत. गेली काही वर्षे मी अशा दुरुस्त्या जवळ बसून पाहतो, टिपणे ठेवतो आणि ती दुरुस्ती-पुस्तिकांशी ताडून बघतो. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इंजिनाच्या हवेच्या वाटेवरचे सांधे पुन्हा बांधताना पॅकिंग कसले वापरायचे हा प्रश्न दुय्यम असतो. त्या सांध्यावर दाब कोणत्या बाजूने आहे, हे आधी ठरवावे लागते.

मुळात टर्बो करतो काय? इंजिन जो जळका वायू बाहेर फेकते त्यात बरीच ऊर्जा शिल्लक असते. त्या वायूने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवायचे आणि त्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे या कल्पनेचे पेटंट 1905 चे. ती कामाला लागायला वीसेक वर्षे गेली. 1920 च्या दशकात ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोमुळे 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. 1938 मध्ये स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने तो ट्रकच्या इंजिनावर आणला.

मी पाहिलेल्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच कमिन्सच्या ‘बी’ घराण्यातल्या सहा सिलिंडरच्या, 5.9 लिटरच्या इंजिनाच्या होत्या. 1984 मध्ये बाजारात आलेले हे इंजिन अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये बसले आणि आपल्याकडे, 1993 मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्समुळे, टाटांच्या ट्रकांत. त्यामुळे तिकडच्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेडमध्ये उघडलेला सांधा आणि इकडे अंगणात उघडलेला सांधा बराचसा एकच असतो. या इंजिनावर पुष्कळदा होल्सेटचा टर्बो दिसतो. होम्स आणि क्रोसेट या दोन आडनावांचे तुकडे जोडून हे नाव झाले. इंग्लंडातली ही कंपनी 1973 मध्ये कमिन्सने घेतली.

आता हवेची वाट. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपात ओढ असते, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. टर्बोच्या पुढे, इंटरकूलरमधून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत, गाडी ओझ्याखाली असताना दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीच्या आसपास जातो. एकाच रबरी होजला एकाच मापाची चीर टर्बोच्या अलीकडे पडली आणि पलीकडे पडली, तर परिणाम अगदी वेगळे होतात. पलीकडची चीर बोलते. फुस्स आवाज येतो, गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर मारते. अलीकडची चीर मुकी असते. ती धूळ आत घेत राहते आणि ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासत राहते. गाडी कित्येक महिने तक्रार करत नाही आणि जेव्हा करते तेव्हा इंजिन उतरवावे लागते. लोक मात्र आवाज करणाऱ्या सांध्याची काळजी घेतात आणि एअर क्लीनरकडून येणाऱ्या पाइपाची क्लिप ढिली तशीच ठेवतात.

खरी गंमत टर्बोच्या पोटात आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगाला, आणि जळक्या वायूच्या एवढ्या जवळ, रबरी ओठाचे सील टिकत नाही. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना असते ती पिस्टनला असते तशी, पण चिमुकली, धातूची रिंग. ती बाहेरच्या घरात ताणून घट्ट बसते आणि दांड्याची खाच तिच्याभोवती न घासता फिरते. म्हणजे मध्ये फट राहतेच. मग ऑईल बाहेर का येत नाही? कारण बेअरिंगमधून निथळलेले ऑईल मधल्या पोकळीत जवळपास बिनदाबाचे असते आणि दोन्ही चाकांच्या बाजूला दाब जास्त असतो. हवाच ऑईलला आत रोखून धरते. रिंग नुसती वाट अरुंद करते.

हे एकदा समजले की गळतीची कारणे टर्बोच्या बाहेर दिसू लागतात. टर्बोतून खाली चेंबरकडे जाणारा ऑईलचा परतीचा पाइप चेपला असेल किंवा आत काजळी धरली असेल, तर फेसाळलेले ऑईल साचते आणि रिंगेजवळून बाहेर पडते. एअर क्लीनर चोंदला असेल तर हवेच्या चाकाकडची ओढ वाढते आणि ऑईल तिकडे खेचले जाते. इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवले तरी तेच, कारण तेव्हा रोखून धरणारा दाबच नसतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे ब्रीदर. पिस्टनजवळून थोडा वायू खाली झिरपतोच; तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर जातो. नळी तुंबली की खाली दाब वाढतो आणि परतीच्या ऑईलला उतरता येत नाही. ‘टाकणे’ हे मेकॅनिकांचे क्रियापद मला म्हणूनच अचूक वाटते : जे खाली उतरू दिले जात नाही, ते टर्बो बाहेर टाकतो.

एका गाडीचा टर्बो एका गॅरेजात दोनदा बदलून झाला होता. तिसऱ्या वेळी मालकाने तो घरी उतरवला, तेव्हा मी तिथे होतो. इंटरकूलरमधून कपभर ऑईल निघाले. दांडा बोटाने हलवला तर आडवा थोडा हलत होता. तेवढा हलणारच, कारण बेअरिंग ऑईलच्या पातळ थरावर तरंगते. लांबीच्या दिशेने मात्र तो जाणवण्याइतका हलायला नको आणि चाकांची पाती घराला घासल्याची खूण नको. दोन्ही ठीक होते. ब्रीदरची नळी काढली तर ती चिकट गाळाने जवळजवळ बंद होती. तीच नळी डिझेलने धुतली, परतीच्या पाइपाचे पॅकिंग नवे घातले आणि जुनाच टर्बो पुन्हा चढवला. काही फेऱ्यांनंतर होज उघडून पाहिला तर आत नुसता ओलसर थर होता. तेवढा चालतो.

बांधणीबद्दल थोडे. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नसतो. तो हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्यावर झाकण असते. ते काढायला आधी डिझेलच्या प्रेशर नळ्या काढाव्या लागतात. जुने पॅकिंग खरवडताना आतल्या तोंडांत स्वच्छ कापड कोंबायचे आणि ते मोजून बाहेर काढायचे. झाकणाचे बोल्ट मधून कडेला, पुस्तिकेत दिलेल्या 24 न्यूटन-मीटरच्या बळाने, टॉर्क पान्याने आवळायचे. टर्बोच्या ऑईलच्या दोन्ही सांध्यांना सिलिकॉन किंवा शेलॅक अजिबात लावायचे नाही. दाबल्यावर आत फुगलेला सिलिकॉनचा कण सुटून बेअरिंगच्या बारीक भोकात बसला, तर नवा टर्बोही काही मिनिटांत जातो. ‘थोडं जास्तच लावू’ ही भावना इथे महाग पडते.

सुरू करण्याआधी टर्बोच्या वरच्या तोंडातून स्वच्छ ऑईल ओतून चाक हाताने फिरवावे. मग इंधन बंद ठेवून, ऑईलचा दाब दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मारावा. आणि एक जाड, सपाट फळी हाताशी ठेवावी. हवेच्या वाटेत ऑईल साचलेले असेल तर डिझेल इंजिन त्यावरच धावू लागते. तेव्हा चावी फिरवून किंवा इंधन तोडून ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. हवा तोडली तरच थांबते. ती फळीने तोडायची. हात किंवा कापड तोंडाजवळ नेले तर आत ओढले जाते. म्हणून इंटरकूलर आणि होज आधी पूर्ण निथळून घेणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

सुरू झाल्यावर चार-पाच मिनिटे आयडल, मग सांध्यांवर साबणाचे पाणी घालून थोडी रेस. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना क्लिपा पुन्हा तपासायच्या. गरम-गार होऊन नवा रबर तोवर थोडा बसलेला असतो.