विंडोजशिवायचा लॅपटॉप: खरंच किती पैसे वाचतात?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की नाशिकमधून एक प्रश्न हमखास येतो. "बजेट चाळीस हजार आहे. दुकानदार म्हणतो, विंडोज नको असेल तर लिनक्सवाला नाहीतर डॉसवाला घ्या, तीन-चार हजार कमी पडतील. घेऊ का?"

ज्या घरात लॅपटॉप हप्त्यावर घ्यायचाय, तिथे चार हजार ही छोटी रक्कम नाही. बाहेर राहून शिकणाऱ्या पोराची महिनाभराची मेस त्यात निघते. म्हणून "लिनक्स भारी की विंडोज भारी" हा वाद आज बाजूला ठेवू आणि फक्त पैशांचं बोलू.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमचं काम लिनक्सवर होतं याची खात्री असेल, तर बिनधास्त घ्या. थोडी जरी शंका असेल तर विंडोजवाला घ्या. का, ते आता बघू.

डॉस, लिनक्स आणि विंडोज

बॉक्सवर किंवा ऑनलाइन पानावर "ऑपरेटिंग सिस्टिम" अशी एक ओळ असते. तिथे तीनपैकी एक काहीतरी लिहिलेलं असतं.

पहिलं, विंडोज ११ होम. म्हणजे लायसन्सचे पैसे किमतीत धरलेले आहेत. या लायसन्सची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. उद्या हार्ड डिस्क पूर्ण पुसली, तरी त्याच लॅपटॉपवर विंडोज परत टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

दुसरं, डॉस किंवा फ्रीडॉस. इथे बरेच जण फसतात. फ्रीडॉस म्हणजे काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची जुन्या पद्धतीची, फुकट सिस्टिम. त्यात क्रोम नाही, वायफाय नाही, काहीच नाही. विंडोजचे पैसे न भरता मशीन विकता यावं म्हणून कंपनी ती टाकून देते. थोडक्यात, खोली भाड्याने मिळाली पण आत पंखासुद्धा नाही. सामान तुम्हीच आणायचं.

तिसरं, लिनक्स. बहुतेक वेळा उबुंटू. डेलने भारतात बरीच मॉडेल्स उबुंटू टाकून विकली आहेत. एसर आणि असूसच्या काही स्वस्त मॉडेल्सवर एंडलेस ओएस यायचं, तेही लिनक्सच. उबुंटूवाला लॅपटॉप घरी आणून चालू केला की ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ प्लेअर सगळं तयार असतं. आणि कंपनीनेच लिनक्स दिलंय म्हटल्यावर त्या मशीनचं वायफाय, कॅमेरा, आवाज लिनक्सवर चालतो हे तिने तपासलेलं असतं. डॉसवाल्या मशीनमध्ये ही हमी नसते.

आणि लिनक्स म्हणजे काहीतरी अवघड, परकं, असं वाटत असेल तर एक सांगतो. हा भाग तुम्ही अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर त्या फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. रोज वापरताच की!

चार हजारांचं गणित

समजा एकच मॉडेल आहे. विंडोजसकट ४२ हजार, विंडोजशिवाय ३८ हजार. वाचले चार हजार.

सहा महिन्यांनी कॉलेजमध्ये एक सॉफ्टवेअर लागलं जे फक्त विंडोजवर चालतं. आता विंडोज वेगळं विकत घ्यायचं. सुटं घ्यायला गेलात तर विंडोज ११ होम दहा हजारांच्या आसपास जातं. कारण कंपन्या लाखो लायसन्स एकदम घेतात, त्यांना ते स्वस्त पडतं. तुम्ही एकटे, तुम्हाला दुकानाचा भाव. म्हणजे चार वाचवले आणि दहा घातले. सहा हजारांचा खड्डा.

आता उलटी बाजू बघा. विंडोजवाला घेतला आणि नंतर लिनक्स हवंसं वाटलं, तर खर्च शून्य. उबुंटू किंवा मिंट फुकट उतरवायचं, विंडोजच्या शेजारी टाकायचं, चालू करताना हवं ते निवडायचं.

एका बाजूने जायला पैसे पडत नाहीत, दुसऱ्या बाजूने दहा हजार पडतात. म्हणून शंका असेल तर विंडोजवाला.

अजून एक गोष्ट किमतीत लपलेली असते. आपल्याकडे बऱ्याच विंडोज लॅपटॉपसोबत एमएस ऑफिस कायमचं मिळतं. ते तुम्हाला खरंच लागणार असेल तर तुलना करताना त्याचीही किंमत धरा.

"विंडोज मी टाकून देतो ना!"

आता खरी गंमत. डॉसवाला लॅपटॉप घेणाऱ्यांपैकी किती जण खरंच लिनक्स वापरतात? बऱ्याचदा काउंटरवरच ठरतं. "दादा, विंडोज?" "टाकून देतो ना, पाचशे द्या." अर्ध्या तासात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं हजर.

हे क्रॅक विंडोज असतं. ते ॲक्टिव्हेट करायला जो छोटा प्रोग्राम चालवतात, तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. जरा विचार करा. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेत लॉगिन करणार, महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरणार, आधारची कॉपी ठेवणार, त्या मशीनचं कुलूप पहिल्याच दिवशी कोणीतरी उघडतो आणि आत अनोळखी प्रोग्राम सोडतो. चार हजार वाचवायला हे करायचं का?

कायद्याचंही ऐकून ठेवा. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ ब. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरी बसून प्रोजेक्ट करणाऱ्या पोराच्या दारात उद्या पोलीस येतील असं मी म्हणत नाही. पण तेच मशीन घेऊन उद्या छोटा व्यवसाय सुरू केलात, तर मामला बदलतो.

घरात आत्ता असलेलं विंडोज तपासायचंय? सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन उघडा. "डिजिटल लायसन्स"ने ॲक्टिव्हेट झालंय असं दिसलं तर साधारणपणे ठीक. "युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस" असं दिसलं आणि लॅपटॉप तुमच्या घरचा आहे, कुठल्या कंपनीचा नाही, तर समजून जा.

कोणी बिनधास्त घ्यावा

कॉम्प्युटर आणि आयटीची मुलं. नाशिकची बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा २०१९ पॅटर्नचा सिलॅबस उघडा आणि प्रॅक्टिकलची पानं बघा. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून ६४-बिट ओपन सोर्स लिनक्स किंवा त्यापासून बनलेली सिस्टिम वापरा, अशी शिफारस छापलेली आहे. म्हणजे विद्यापीठ म्हणतंय लिनक्स वापरा आणि आपण विंडोज नाही म्हणून घाबरतोय! तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचा सिलॅबस वेगळा असू शकतो, तो एकदा बघून घ्या.

सी, सी++, जावा, पायथन, मायएसक्यूएल, गिट, व्हीएस कोड, अँड्रॉइड स्टुडिओ, सगळं लिनक्सवर चालतं, काही गोष्टी तर जास्त सुटसुटीत. पुढे नोकरीत सर्व्हरवर काम करायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी लिनक्सच भेटतं. जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

आर्ट्स, सायन्स, बीएड, स्पर्धा परीक्षावाले, ज्यांचं काम ब्राउझर, पीडीएफ, टायपिंग आणि यूट्यूब एवढंच आहे, त्यांनाही चालेल. व्हॉट्सॲप मात्र ब्राउझरमधूनच वापरावं लागेल.

केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. शाळेतल्या मुलांना जमतं, तर आपल्याला का नाही?

कोणी घेऊ नये

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाले, थांबा. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्ससाठी येत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यात डिझाइनची नोकरी धरायची असेल तर हीच सॉफ्टवेअर यायला हवीत. इथे चार हजार वाचवणं म्हणजे पायावर धोंडा.

कॉमर्सवाले, टॅली विंडोजसाठीच बनवलंय. लिनक्सवर ते चालवायचे उपाय आहेत, पण रोजच्या हिशोबाच्या कामाला ते जुगाड नको.

डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्सचं काम करणारे: कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्सवर येत नाहीत. सरकारी टायपिंगची परीक्षा किंवा एमएस-सीआयटी करणारे: सरावही परीक्षेत असतं त्याच वातावरणात व्हायला हवा, म्हणून विंडोज. घरून देण्याच्या काही ऑनलाइन परीक्षांचे खास ब्राउझरही फक्त विंडोज आणि मॅकवर चालतात. आणि व्हॅलोरंट खेळणारे, तुम्हालाही नाही.

प्रिंटरचं वेगळं सांगतो. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात. पण झेरॉक्सच्या दुकानात नेहमी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० घरी असेल, तर त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना घाम निघतो.

आणि मराठीचं काय?

हा प्रश्न येतोच. मराठी दिसण्यात काही अडचण नाही, युनिकोड फॉन्ट सोबतच येतात. टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त मराठी जोडायचं. इंग्रजी अक्षरांवरून लिहायची सवय असेल तर फोनेटिक पद्धतही मिळते. लिब्रेऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात.

अडचण येते ती जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसेल तर कुठेही उघडली तरी अगम्य दिसते. घरात असं काम येत असेल तर आधी विचार करा.

पैसे देण्याआधी

कॅनडा कॉर्नरला घ्या, एमजी रोडला घ्या, नाहीतर ऑनलाइन, या गोष्टी पाळा.

एक, मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट, लिहून घ्या. नाव एकच असतं, पण एकात ८ जीबी रॅम आणि दुसऱ्यात १६. विंडोज नसल्यामुळे स्वस्त आहे की रॅम कमी असल्यामुळे, हे त्या आकड्यांवरूनच कळतं.

दोन, बिलावर ऑपरेटिंग सिस्टिम लिहून घ्या.

तीन, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट टाकून ठेवा. लॅपटॉप त्यावरून चालू करता येतो, आतल्या डिस्कला धक्का न लावता. घरच्या किंवा मित्राच्या लॅपटॉपवर आठवडाभर असं वापरून बघा. दुकानातही, विशेषतः डॉसवाला घेताना, पाच मिनिटं मागा: वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड तपासा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान आहेच.

चार, वाचलेले चार हजार रॅममध्ये घाला. ८ ऐवजी १६ जीबी केलीत तर फरक चारही वर्षं जाणवेल. फक्त त्या मॉडेलमध्ये रॅम वाढवता येते का ते आधी विचारा.

सगळ्यात मोठी बचत वेगळीच आहे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक वर्ष जास्तीचे सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे, पण ती तात्पुरती. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि, इंटेल असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ताईचा, दादाचा २०१६-१७ चा लॅपटॉप चांगला चालू असूनही विंडोजच्या दृष्टीने म्हातारा झाला.

तो भंगारात देऊ नका. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा आणि वर मिंट बसवा. उबुंटू २४.०४ किंवा मिंट २२ टाकलं तर २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. फर्स्ट इयरच्या सी प्रोग्रॅमिंगला एवढं मशीन पुरतं.

नवा लॅपटॉप विंडोजशिवाय घेतला तर चार हजार वाचतात. जुना लिनक्सवर चालवला तर अख्खा लॅपटॉप वाचतो, आणि नवा घ्यायचा निर्णय तुम्ही सेकंड इयरला, कुठलं सॉफ्टवेअर लागतंय ते कळल्यावर, शांतपणे घेऊ शकता. माझं मत विचाराल तर बजेट तंग असलेल्या घराने आधी कपाटातला जुना लॅपटॉप बाहेर काढावा आणि मगच दुकानात जावं.

तुमची ब्रँच, बजेट आणि घरी असलेल्या लॅपटॉपचं मॉडेल मेसेजमध्ये पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. आणि हा भाग त्या मित्राला फॉरवर्ड करा, जो या रविवारी बाबांना घेऊन लॅपटॉप घ्यायला निघालाय.

चला, भेटू पुढच्या भागात!