सरांचा वाटा

रमाकांत आचरेकर सरांनी सचिन घडवला, असं आपण सहज म्हणून जातो. मग अजित तेंडुलकरांचं काय? धाकट्या भावाला शिवाजी पार्कच्या नेटवर नेलं ते त्यांनी. पहिल्या दिवशी पोरगा बुजला, तेव्हा जरा लांबून बघा, अशी गळ सरांना घातली तीही त्यांनीच. वडिलांनी शाळा बदलू दिली, काका-काकूंनी पार्काजवळच्या घरी ठेवून घेतलं. यातलं एक माणूस गाळलं तरी पुढचं सगळं अडतं.

तरीही सरांचा वाटा मोठाच. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, पण पोरांना खेळायला मिळालं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तिथे पुन्हा फलंदाजीला उभं करत. दिवस कलताना, पोराचं अंग आंबून गेलेलं असताना, स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवलं जाई. जो त्याला बाद करेल त्याचं नाणं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. ती नाणी सचिनने आजवर जपली आहेत. दमल्यावरही विकेट राखायची सवय सांगून लागत नाही. त्यासाठी कुणाला तरी रोज अंधार पडेपर्यंत मैदानात थांबावं लागतं. शिक्षकाचं खरं श्रेय मला या थांबण्यात दिसतं.

पण हिशेब मांडायचाच तर तो एका विद्यार्थ्यापाशी थांबवू नये. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रम शाळेचे सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. आणि पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत बसलेला अमोल मुझुमदार. तिघांचे सर एकच. सचिन २०० कसोटी खेळला. कांबळीची कसोटी सरासरी ५४, तरी १७ कसोटींनंतर, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याचं कसोटी क्रिकेट संपलं. अमोलने प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून तो एकदाही खेळला नाही; त्या काळी मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. सचिनचं श्रेय सरांना द्यायचं, तर उरलेल्या दोघांचं अपयशही त्यांच्याच माथी मारायचं का? मला तो अन्याय वाटतो. शिवाय २०२५ मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच अमोल होता. तो जमाखर्च कुठल्या वहीत लिहायचा?

गाण्यातही हेच दिसतं. सवाई गंधर्वांकडे भीमसेन जोशी शिकले, गंगूबाई हनगलही शिकल्या. दोघांचं गाणं मात्र ज्याचं त्याचं राहिलं. पुढे भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव उभा केला. तिथे श्रेय शिष्याने आपणहून दिलं.

आज निकाल लागला की क्लासवाले श्रेय आपणच घेऊन टाकतात. एकाच गुणवंताचा फोटो अनेकदा दोन-तीन क्लासच्या फलकांवर झळकतो. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या: यशस्वी विद्यार्थ्याची संमती घ्या, त्याने कुठला कोर्स केला तेही सांगा. मी आणखी एक ओळ मागेन. पहिल्या आलेल्या मुलीच्या फोटोखाली, त्या वर्षी फी भरून वर्गात किती मुलं बसली आणि किती अर्ध्यातून गेली, तेही त्याच अक्षरांत छापा.